चार्जिंगच्या फवारणी पंपाची बॅटरी जास्त कशी टिकवायची?

मोबाइल, लॅपटॉप आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर आपण बरंच वाचतो. आज मात्र अशा बॅटरीबद्दल लिहितोय जी आमच्या पाचोड भागात जून ते डिसेंबर माणसाच्या पाठीवर असते. चार्जिंगचा फवारणी पंप. कापूस असो, तूर असो, नाहीतर मोसंबीची लहान झाडं असोत, हा पंप आता घरोघरी आहे. २०२४ मध्ये महाडीबीटीवर कापूस-सोयाबीनच्या योजनेतून बॅटरी पंपासाठी अर्ज सुरू झाले, तेव्हापासून तर एकेका घरात दोन-दोन पंप दिसतात. पण पंप मिळाला की त्याची बॅटरी कशी सांभाळायची, हे सांगायला कुणी येत नाही. डब्यातलं माहितीपत्रक बहुतेक इंग्रजीत नाहीतर चिनीत.

माझा स्वतःचा अनुभव आधी सांगतो, कारण हा लेख त्यातूनच आला आहे. ऑगस्ट महिना होता. आठ दिवस झड लागली होती, मग उघडीप मिळाली. कपाशीवर तुडतुडे चढलेले. सकाळी लवकर गड्याला घेऊन शेतात गेलो, रात्रभर चार्जिंगला लावलेला पंप पाठीवर. पाचवा पंप भरला आणि अर्ध्यात फवारा मंदावला. नोझलमधून धार पडायला लागली आणि मग नुसते थेंब. टाकीत आठ लिटर कालवलेलं औषध, पश्चिमेला ढग, गडी बसून आणि बॅटरी संपलेली. कालवलेलं औषध उद्यासाठी ठेवता येत नाही, त्याचा परिणाम कमी होतो. शेवटी शेजाऱ्याचा जुना हापशाचा पंप आणून ते औषध मारलं. दुपारनंतर पाऊस आला. उरलेली दीड एकर कपाशी पुढच्या उघडिपीपर्यंत तशीच राहिली.

(‘पंप’ हा शब्द आमच्याकडे यंत्रालाही वापरतात आणि भरलेल्या एका टाकीलाही. ‘एकराला बारा पंप लागले’ म्हणजे बारा टाक्या. या लेखात दोन्ही अर्थाने येईल, समजून घ्या.)

पंप जेमतेम दुसऱ्या हंगामात होता. नवीन असताना एका चार्जिंगवर सोळा-सतरा पंप निघायचे. साडेचारवर कसा आला? चूक कंपनीची असेल असं मला वाटलं होतं. निघाली माझी.

तुमच्या पंपात कोणती बॅटरी आहे?

पंप उलटा करून खालचं झाकण उघडा. चौकोनी, विटेसारखी जड बॅटरी असेल आणि तिच्यावर १२ व्होल्ट ८ एएच असं लिहिलेलं असेल तर ती शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी. काही पंपांत १२ एएचची असते. आत शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल असतं, पण आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असल्यामुळे सांडत नाही. म्हणून तिला सील बॅटरी म्हणतात. मूळ कल्पना फार जुनी आहे. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये अशी बॅटरी बनवली. तुमच्या ट्रॅक्टरची आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी त्याच घराण्यातली.

बॅटरी हलकी असेल, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असेल आणि तिला दोन वायरी बाहेर आलेल्या असतील तर ती लिथियम. तिचे नियम वेगळे आहेत, पुढे सांगतो. दोघींना एकच वागणूक दिली की एक तरी मरते.

८ एएच म्हणजे नक्की किती?

८ एएचचा सरळ अर्थ लोक असा लावतात की २ अँपियर वापरले तर चार तास आणि ४ अँपियर वापरले तर दोन तास. शिशाच्या बॅटरीत हे गणित जमत नाही. बॅटरीवर लिहिलेला आकडा वीस तासांच्या हिशोबाने असतो. म्हणजे ०.४ अँपियर इतका थोडा प्रवाह वीस तास घेतला तर ८ एएच मिळतात. प्रवाह जितका जोरात ओढाल तितकी बॅटरी कमी देते. प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हा नियम १८९७ मध्येच मांडला होता. एका तासात रिकामी करायला गेलात तर ८ एएचच्या बॅटरीतून जेमतेम पाच एएच हाती लागतात.

आपली मोटर साधारण अडीच-तीन अँपियर घेते. त्या ओढीला नव्या बॅटरीतून सहा एएचच्या आसपास मिळतील असं धरा. म्हणजे सव्वादोन तास. नोझल मिनिटाला दोन लिटर सोडत असेल तर सोळा लिटरची टाकी आठ मिनिटांत संपते. हिशोब केला तर सोळा-सतरा पंप. म्हणजे नवीन असताना मला जे मिळत होतं ते बरोबर होतं. दुकानदार वीस-पंचवीस पंप सांगत असेल तर नोझल कोणतं आणि रेग्युलेटर कुठे ठेवून, हे विचारा.

डबल मोटरचा पंप घेणाऱ्यांनी याच्याकडे नीट बघावं. दोन्ही मोटर चालू केल्या की ओढ दुप्पट होते, पण वेळ निम्म्यापेक्षाही कमी होतो. बॅटरी तीच ८ एएचची असेल तर डबल मोटर म्हणजे नुसता डबल खर्च.

चार्जिंग

मोबाइलच्या जुन्या दिवसांतली एक समजूत अजून गावात फिरते: बॅटरी पूर्ण उतरवावी आणि मगच चार्ज करावी. ते निकेल-कॅडमियम बॅटरीपुरतं खरं होतं. शिशाच्या बॅटरीला पूर्ण उतरवणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. कंपन्यांच्या माहितीपत्रकात बघा, दर वेळी तळापर्यंत उतरवली तर दोनशे-अडीचशे वेळा चार्ज होते, निम्म्यावर थांबवली तर चारशे-पाचशे वेळा. म्हणून फवारा मंदावला की तिथेच थांबा. आणखी अर्धा पंप ओढण्याच्या नादात बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली जाते आणि तिथे जे नुकसान होतं ते चार्जिंगने भरून येत नाही.

शेतातून आलात की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. दोनच पंप मारले असले तरी लावा. उतरलेल्या अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. ताजे असतात तोवर चार्जिंगने विरघळतात. दिवस गेले की घट्ट होतात आणि तेवढी पट्टी कायमची निकामी. भांड्याला चिकटलेलं पिठलं लगेच धुतलं तर निघतं, दुसऱ्या दिवशी घासावं लागतं, तसंच.

पंपासोबतचे चार्जर साधारण १ ते १.७ अँपियरचे असतात. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला सहा ते आठ तास लागतात, कारण शेवटचा टप्पा हळू भरतो. लाल दिवा हिरवा झाला की चार्जिंग झालं. हिरवा झाल्यावर आणखी तासभर राहिलं तर बिघडत नाही, पण स्वस्त चार्जरवर दोन-दोन दिवस लावून ठेवू नका. आपोआप थांबणारा चार्जर नसेल तर बॅटरी तापते, आतलं पाणी उडतं आणि तिच्या बाजू फुगतात. चार्जिंगवेळी बॅटरी हाताला कोमट लागली तर ठीक, चटका बसायला लागला तर काढा.

नवा चार्जर घेताना त्यावरचे व्होल्ट वाचा. रोज वापरून रोज चार्ज करायच्या शिशाच्या बॅटरीला १४.४ ते १५ व्होल्टपर्यंतचं चार्जिंग लागतं. १३.८ व्होल्टवर थांबणारा चार्जर तिला कधीच पूर्ण भरत नाही. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावणारे लोक मी पाहिलेत. भरलेल्या बॅटरीचंच व्होल्टेज १२.८ असतं, मग १२ व्होल्टचा अडॅप्टर तिला काय भरणार? दोर तेवढाच आणि विहीर खोल.

हंगाम संपल्यावर: माझी बॅटरी इथे मेली

डिसेंबरात शेवटची फवारणी झाली. पंप धुतला, पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला अडकवला आणि विसरलो. शेवटच्या दिवशी तो पूर्ण उतरलेला होता आणि चार्ज केला नव्हता, हे मला नंतर आठवलं. जूनमध्ये काढला, चार्जिंगला लावला, दोन तासांत हिरवा दिवा लागला. मी खूश, लवकर चार्ज झाली म्हणून. खरं तर लवकर हिरवा दिवा लागणं हे बॅटरी गेल्याचं लक्षण आहे. आत जागाच उरलेली नसते, मग भरायला वेळ कशाला लागेल? तांब्याभर पाण्याने भरलेली घागर म्हणजे आत गाळ साचलाय.

सील बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला साधारण तीन टक्के उतरते. हे २०-२५ अंश तापमानाला. तापमान दहा अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४० अंशांच्या वर जातं, पत्र्याखाली त्याहून जास्त.

म्हणून आता मी असं करतो. हंगाम संपला की बॅटरी पूर्ण चार्ज करून पंपातून बाहेर काढतो, निदान एक वायर तरी सोडवतो. घरात, जिथे रांजण ठेवतो त्या थंड कोपऱ्यात ठेवतो. जमिनीवर ठेवली तर उतरते असं म्हणतात, प्लॅस्टिकच्या डब्यातल्या आजच्या बॅटरीला ते लागू नाही. आणि महिन्यातून एकदा चार्जिंग. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी दर अमावास्येला लावतो. अमावास्येचा बॅटरीशी काही संबंध नाही, पण आमच्या घरात ती तिथी कुणी विसरत नाही.

दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर

डिजिटल मल्टिमीटर घ्या. चार्जिंग काढल्यावर दोन-तीन तास थांबा, मग २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा. १२.८ किंवा जास्त दिसलं तर भरलेली. १२.४ म्हणजे निम्म्याच्या थोडी वर. १२ म्हणजे तळाला आली. रात्रभर चार्ज करूनही सकाळी १२.२ दिसत असेल तर बॅटरी थकली आहे. आणि साडेदहा-अकराच्या आसपास अडकली असेल तर आतल्या सहा कप्प्यांपैकी एक गेला. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टचा असतो, एक गेला की दोन कमी. अशा बॅटरीवर पुढे पैसा घालू नका.

नुसतं व्होल्टेज कधीकधी फसवतं. माझ्या मेलेल्या बॅटरीने आरामात असताना १२.६ दाखवलं होतं. खरी परीक्षा मोटर चालू करून घ्यायची. टाकीत साधं पाणी भरा, गन उघडा, मीटर लावलेला ठेवा. चांगली बॅटरी बारा व्होल्टच्या वरच राहते. चालू करताच अकराच्या खाली घसरली तर तिच्यात दम नाही. माझी साडेदहावर गेली होती. आता मी दर जूनमध्ये पहिली फवारणी करण्याआधी साध्या पाण्याचे चार-पाच पंप मारून बघतो. भाजीला पाणीही होतं.

काही मेकॅनिक वरची पट्टी उघडून कप्प्यांत डिस्टिल्ड वॉटर घालून देतात. सुकलेली बॅटरी त्याने थोडे दिवस उठते, हे खरं. पण खडे धरलेल्या पट्ट्या पाण्याने सुटत नाहीत आणि आत आम्ल असतं, डोळ्यात गेलं तर काय होईल ते सांगायला नको. मी एकदा करून पाहिलं. दोन पंप वाढले आणि पंधरा दिवसांत बॅटरी परत तिथेच.

दर वेळी बॅटरीला दोष देऊ नका

दुकानात ‘बॅटरी गेली’ म्हणून येणाऱ्या पंपांत कितीतरी वेळा बॅटरी चांगली असते.

आधी वायरीचं टोक बघा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल किंवा लग ढिला असेल तर तिथेच व्होल्ट अडतात. हात लावून बघा, चालताना ते टोक गरम लागतं. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, लग पक्कडने हलकेच दाबून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग गाळण्या. टाकीच्या तोंडाशी एक, टाकीच्या तळाशी एक, गनच्या मुठीत एक आणि बऱ्याच नोझलमध्येही एक. मुठीतली गाळणी असते हेच अनेकांना माहीत नसतं. पाण्यात विरघळणारी पावडर नीट न कालवता टाकली की तिचा लगदा तिथे बसतो. पावडर आधी बादलीत कालवा, फडक्यातून गाळा, मग टाकीत ओता.

गळती ओळखायची सोपी रीत आहे. पंप चालू ठेवून गन बंद करा. आत दाबाचा स्विच असतो, तो मोटर थांबवतो. मोटर थांबून गप्प राहिली तर ठीक. दर चार-पाच सेकंदांनी ‘टर्रर्र’ करून परत चालू होत असेल तर कुठेतरी दाब सुटतोय. गनचा वायसर, नळीची क्लिप नाहीतर मोटरमधला व्हॉल्व्ह. वळणावर थांबलात, गड्याशी बोललात, त्या प्रत्येक मिनिटाला बॅटरी फुकट जाते. पाच रुपयांच्या वायसरसाठी हजार-दीड हजारांची बॅटरी बदलू नका.

नोझल झिजतं हेही लक्षात घ्या. नव्या नोझलमधून एका मिनिटात किती पाणी येतं ते बाटलीने मोजून पंपाच्या टाकीवर मार्करने लिहून ठेवा. त्यापेक्षा दहा टक्के जास्त यायला लागलं की नोझल बदला. झिजलेल्या नोझलने औषधही जास्त जातं आणि बॅटरीही.

फवारणी झाल्यावर टाकीत दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी घालून गनमधून काढून टाका. औषध आत राहिलं तर डायाफ्रामचं रबर खातं. टाकी रिकामी झाल्यावर मोटर चालू ठेवू नका. आणि धुताना पंप आडवा करून पाणी बॅटरीच्या डब्यात घालू नका, हे लिहायची गरज नसावी, पण मी स्वतः केलंय.

रेग्युलेटर फुल करण्याआधी

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. पंपाला गोल रेग्युलेटर असतो आणि प्रत्येक गडी तो हातात येताच शेवटपर्यंत फिरवतो. ‘फुल सोड ना भाऊ, लवकर होतंय.’

नोझलमधून दुप्पट पाणी काढायचं तर दाब चौपट लागतो. उलट बाजूने बघा, मिनिटाचं पाणी वीस टक्क्यांनी कमी केलं तर दाब जवळपास दोन-तृतीयांशावर येतो. काम थोडं लांबतं, आठ मिनिटांचा पंप दहा मिनिटांवर जातो, पण प्रत्येक टाकीमागे लागणारी शक्ती कागदावर तिसऱ्या हिश्श्याने वाचते. मोटरचे स्वतःचे खर्च धरता प्रत्यक्षात तेवढी वाचत नाही. माझ्या नव्या बॅटरीवर फुल ठेवून सोळा पंप निघतात आणि तीन-चतुर्थांशावर ठेवून वीस.

पण बॅटरी हे त्यातलं लहान कारण. दाब वाढला की थेंब बारीक होतात. बारीक थेंब पानावर बसण्याऐवजी हवेत तरंगतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर, नाकात येतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वेळी जी कारणं पुढे आली त्यांत डोक्याएवढी वाढलेली कपाशी होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवणं होतं, हातमोजे-मास्क नसणं होतं आणि जोराने बारीक तुषार सोडणारे स्वस्त चिनी बॅटरी पंपही होते. हापशाच्या पंपाने माणूस दमायचा आणि थांबायचा. मोटरला दम लागत नाही, ती सहा तास सलग विष हवेत सोडू शकते.

म्हणून आमच्याकडे आता रेग्युलेटरवर लाल रंगाची खूण केली आहे, त्याच्यापुढे न्यायचा नाही. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, तणनाशकाला पंख्यासारखं चपटं. वाऱ्याकडे पाठ, सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. आणि कपाशी छातीच्या वर गेली की माझ्या शेतात पाठीवरच्या पंपाने आत शिरायचं नाही. गड्याला सुरुवातीला हा शहाणपणा वाटला नाही, वेळखाऊपणा वाटला. रोज तेवढाच मिळणार म्हटल्यावर हरकत राहिली नाही.

लिथियम बसवावी का?

शिशाची बॅटरी दोन-अडीच किलोची, लिथियम एक किलोच्या आसपास. टाकीतल्या सोळा लिटर पाण्यासोबत दिवसभर ते दीड किलो पाठीला कळतं. लिथियम जास्त वेळा चार्ज होते, निम्म्यावर ठेवली तरी खडे धरत नाही. उलट हंगामानंतर ठेवताना ती पूर्ण भरून ठेवू नये, निम्मी ठेवावी. शिशाच्या बॅटरीच्या अगदी उलट.

‘बारा व्होल्टची लिथियम’ म्हणून दोन प्रकार विकले जातात. एकात ३.७ व्होल्टचे सेल तीन-तीन जोडलेले, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. दुसरी लिथियम फॉस्फेटची, चार सेलची, भरल्यावर १४.६ व्होल्ट. पहिलीला शिशाच्या बॅटरीचा १४.४ व्होल्टचा चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट जातात, त्याची मर्यादा ४.२ ची आहे. आतलं संरक्षक सर्किट चांगलं असेल तर ते वाचवतं. सर्किट स्वस्तातलं असेल तर आग. जुना चार्जर हाताशी आहे म्हणून लावू नका, बॅटरीसोबत तिचाच चार्जर घ्या. माझं मत विचाराल तर पंपाला फॉस्फेटचीच घ्यावी, महाग पडली तरी. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं आणि ती सहजासहजी पेटत नाही. एक सवय मात्र बदलावी लागते: शिशाची बॅटरी मंद होऊन सांगते, लिथियम न सांगता थांबते.

तीन सेलच्या पॅकमध्ये जे गोल सेल असतात त्यांना १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून. हेच सेल लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत, टॉर्चमध्ये आणि परदेशात वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये असतात. वेपची बॅटरी कशी वाढवायची असं तरुण पोरं विचारतात, तर भारतात २०१९ च्या कायद्याने त्याचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे तो विषय इथे नाही. त्या अनुभवातून घ्यायची गोष्ट एकच: परदेशात सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवून ते पेटल्याच्या घटना झाल्या आहेत. भंगारातले सेल आणून पॅक बांधून देणारे कारागीर आपल्याकडेही आहेत. त्यांची हातोटी चांगली असते, पण सेल कुठून आला हे त्यांनाही माहीत नसतं.

आणि हे ठळक लक्षात ठेवा. दिवाळीनंतर आपल्या घरांत भाव वाढायची वाट बघत कापूस रचलेला असतो, खोली छतापर्यंत भरलेली. त्या खोलीत, कडब्याच्या गंजीजवळ किंवा अंथरुणाशेजारी लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावू नका. ओट्यावर, फरशीवर, डोळ्यासमोर लावा. फुगलेली, वास येणारी, पडून चेपलेली बॅटरी चार्ज करू नका.

लाइट नसेल तर

शेतातच चार्जिंग हवं असेल तर २० वॉटचं सोलर पॅनल पुरतं. कडक उन्हात ते साधारण सव्वा अँपियरपर्यंत देतं, म्हणजे ऑक्टोबरच्या एका दिवसात पाच-साडेपाच एएच, जवळपास एक हंडा भरला. ढगाळ श्रावणात त्यावर भरवसा ठेवू नका. पॅनल थेट बॅटरीला जोडायचं नाही, त्याचं मोकळं व्होल्टेज २१-२२ असतं. मध्ये चार्ज कंट्रोलर हवा.

ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावून चार्ज करणारे बरेच आहेत. इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्ट असतात खरे, पण उतरलेली लहान बॅटरी त्यातून हवा तेवढा प्रवाह ओढते, आणि ८ एएचच्या बॅटरीला अडीच अँपियरच्या वर सोसत नाही. तसंच, जुनी आणि नवी बॅटरी शेजारी शेजारी जोडून ‘१६ एएच’ करू नका, जुनी नवीला खाली ओढते. दुसरी बॅटरी घेतलीच तर पिशवीत न्या आणि पहिली मंदावली की बदला. मी हेच करतो.

नवी घेताना बॅटरीवरची बनवल्याची तारीख बघा. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडलेली बॅटरी, चार्ज न करता पडलेली असेल तर, माझ्या शेडमधल्या बॅटरीसारखीच असते. मीटर सोबत न्या. १२.५ च्या खाली दिसली तर दुसरी मागा. पाचोडच्या बाजारात मला पहिल्यांदा मीटर काढताना दुकानदार हसला होता. आता तो स्वतःच मोजून देतो.

जुनी बॅटरी फोडून शिसं काढायला पोरांच्या हाती देऊ नका, विहिरीच्या काठावर टाकू नका. शिसं आणि आम्ल दोन्ही मातीत उतरतं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. प्रत्यक्षात दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत थोडी सूट देतो. मला दीडशे रुपये मिळाले होते, त्याच पैशात गनचे वायसर आणि एक नोझल आणलं.